संगमावरची परटीणमावशी

दुष्काळाच्या आदल्या साली साखर कारखान्याने मळीचं पाणी आमच्या नद्यांच्या संगमात सोडलं. मासे मेले, बगळे निघून गेले आणि आम्ही नगरला कलेक्टर कचेरीत नुसते अर्ज पाठवत राहिलो. आमची परटीणमावशी हळू बोलायची, पण समोरच्यावरून नजर काढायची नाही. तिने कारखान्याच्या साहेबांचे कपडे त्याच पाण्यात धुतले आणि कडक इस्त्री करून दिले.

"घाण वास येतोय!" साहेब ओरडले.

"तुमचंच पानी हाय, साहेब."

तिचं काम सुटलं, पण ही गोष्ट गावभर झाली आणि त्यातूनच संगम वाचवायला समिती उभी राहिली. पुढाऱ्यांनी अध्यक्ष केलं त्याच साहेबांना, आणि मावशीला सभेच्या दाराबाहेर उभं केलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी मात्र आत आली, साहेबांसमोर बसली आणि म्हणाली, "मळी कवा बंद करताय, तेवढं सांगा. मंग जाते."