नणंदबाई वाढदिवस करतात

शहादा तालुक्यातलं एकही स्वयंपाकघर असं नसेल, जिथल्या मिठाच्या डब्यात माझ्या नणंदबाईंनी बोट घालून पाहिलेलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मी केलेल्या पोह्यांकडे, डॉक्टर रोग्याकडे बघतो तशा बघू लागल्या. "हाई काय शे वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पोहे, ताई." "बरं झायं सांगी दिधं. माले वाटनं, भातले कावीळ झायी." मी माहेरची नाशिककडची, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अहिराणीचा पहिला धडा मी असा उभ्याउभ्या घेतला. त्याच सकाळी त्यांनी माझं नाव 'मास्तरीन' ठेवलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजूनही शंका आहे.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तापीकाठच्या गावात त्यांचं घर आणि थोडी केळी. त्यांचे यजमान लवकर गेले, एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला. घरात त्या एकट्याच, पण रस्त्याने जाणाऱ्याला ते कधी कळलं नसेल. म्हशीशी, केळीशी, रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी आणि कुणीच हाताशी नसलं तर स्वतःशी त्या सारख्याच तावातावाने भांडत. त्यांचा आवाज असा की फोनची मधे काही गरजच नव्हती. त्या गावाहून बोलायच्या, आम्ही नंदुरबारला, आणि माझा नवरा फोन हातभर लांब धरून ऐकायचा. कित्येकदा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शेजारच्या काकू भिंतीपलीकडून परस्पर देऊन टाकत.

मुलीकडे जाताना बस विसरवाडीला थांबली की बाकीचे प्रवासी चहा प्यायला उतरत, ताई चहा तपासायला उतरत. थेट हॉटेलच्या भट्टीपाशी जाऊन त्या पातेल्यात डोकावत आणि आलं कुठं आहे, दूध कुठलं, भांडं कधी घासलं, अशी झडती सुरू होई. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमे. एकदा तर त्यांनी सगळा चहा ओतून नवा करायला लावला आणि पूर्ण बस त्यांच्यासाठी खोळंबली. नवा चहा प्यायल्यावर कुणी काही बोललं नाही, हे विशेष. पुढे पुढे तो हॉटेलवाला ताई दिसल्या की स्वतःच ग्लास घेऊन खिडकीशी येई आणि त्या पहिला घोट घेईपर्यंत निकालाची वाट बघत उभा राही.

आजारी माणसाला भेटायला जाणं हे तर त्यांचं खास क्षेत्र. धीर देणं त्यांना जमत नसे. आमच्या गल्लीतले एक निवृत्त तलाठी कंबर धरून अंथरुणाला खिळले होते. ताई गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "उठ भो. तुन्ही बायको सेवा करी करी वाकी गयी. आते तिनी पाठ दुखी तं कोन चोळी?" तलाठी दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसलेले दिसले. डॉक्टरांच्या गोळ्याही त्याच सुमारास लागू पडल्या असतील, पण गल्लीत श्रेय ताईंना मिळालं.

वाढदिवसांवर मात्र त्यांचा भारी राग. त्यांचा स्वतःचा जन्म श्रावणातला, कानबाई देवीची बोळवण झाली त्या दिवशीचा, असं सासूबाई सांगत. पण तो साजरा करायचं कुणी नुसतं बोललं तरी त्या उसळत. "जन्माले येवाले काय अक्कल लागस? लागस ते मायले!" केक तर त्यांच्या दृष्टीने अन्नच नव्हतं. ज्याच्यावर कुणी फुंकर मारली ते उष्टं, आणि उष्टं ताटात वाढणारी माणसं बिनवळणाची. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्या मेणबत्ती विझवायच्या आतच केकचा आपला तुकडा कापून बाजूला ठेवत. गोड त्यांना आवडायचं, तत्त्व काय ते फुंकरीपुरतं.

पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. ओवा खात राहिल्या, पित्त आहे म्हणत राहिल्या. मुलीने शेवटी ओढून सुरतेला नेलं, तपासण्या झाल्या, आणि पोटात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, असं निघालं. ताईंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मंग हाऊ ओवा मी उगाच खादा का?"

केमो सुरू झाली. सलाईन लावून रांगेने बसलेल्या त्या मोठ्या खोलीत ताईंनी पहिल्याच खेपेला ताबा घेतला. कोण वाकडं बसलंय, कुणाची सून मोबाइलमध्ये बघतेय, कुणाचा डबा तेलकट आहे, हे सगळं त्या मोडक्यातोडक्या गुजरातीत जाहीर करत. शेजारच्या खुर्चीवरचे एक खानदेशी गृहस्थ रडत होते. ताई त्यांना म्हणाल्या, "रडानं तं घर जाईसन रडा भाऊ, आठे सुई हालस." ते गृहस्थ रडता रडता हसले. पुढच्या खेपेला त्यांनी ताईंसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. त्याच्या पुढच्या खेपेला ते नव्हते. ताईंनी त्यांची चौकशी केली नाही.

मग केस गेले. ताई डोक्याला पदर घट्ट लपेटून गावी परतल्या आणि गावात जाहीर केलं की त्या तिरुपतीला जाऊन आल्या. घरी लाडू वळून ते प्रसाद म्हणून वाटले. आयुष्यात सुरतेच्या पुढे न गेलेल्या बाईने माझ्यादेखत समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना दर्शनाची रांग, तिथली गर्दी, लोटालोटी असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. आजी मन लावून ऐकत होत्या. लाडू त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि घराबाहेर पडून कोपऱ्यावर मला गाठून डोळ्याला पदर लावला. सगळ्या गावाला माहीत होतं. सगळ्या गावाने प्रसाद खाल्ला.

हसण्यासारखं जे होतं ते एवढंच. पुढे दिवस वाईट आले. अंगावरचं मांस गेलं. तोंडाला लोखंडाची चव यायची. घासाकडे बघून त्या मान फिरवायच्या. आवाज तर असा बसला की फोन आला की माझा नवरा तो कानाला दाबून धरायचा, दुसऱ्या कानात बोट घालायचा, आणि तरी "काय म्हणालीस?" असं विचारत राहायचा. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारू लागल्या, ताईंचा फोन येत नाही का आताशा?

अशात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. नवऱ्याने ऐकलं, हसला, आणि मग एकदम खाली बसला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "ताई म्हणते, मन्हा वाढदिस करा."

डॉक्टरांच्या कुठल्याही बोलण्याने आम्ही इतके घाबरलो नव्हतो.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट झाले आणि दुसऱ्या दिवशी, बोळवणीला, आम्ही त्यांच्या घरी जमलो. पोचल्यापोचल्याच भाचीने, म्हणजे ताईंच्या मुलीने, आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. नवा रिपोर्ट आला होता. औषध लागू पडत नव्हतं, आजार यकृतात पसरला होता, आता केमो थांबवून घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. वाढदिवस होऊ द्यायचा, उद्या सांगायचं, असं आमचं ठरलं. ठरवताना आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

ताईंचा हुकूम होता, वरणबट्टी आणि वांग्याची भाजी. केक आणायला त्यांनी भाचीला परवानगी दिली होती, पण जेवण अंगणातच शिजणार. गोठ्याच्या पत्र्याखाली गोवऱ्यांवर बट्ट्या भाजत होत्या, गल्लीतल्या बाया राबत होत्या आणि मधोमध खाटेवर बसून ताई सूचना देत होत्या. आवाज निघत नव्हता म्हणून समोरच्या आजींना त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं. ताई कुजबुजायच्या आणि आजी ओरडायच्या. "ती म्हनस, बट्टी फिरवा!" "ती म्हनस, वांगा कापानी ही रीत नई!" मग जरा अडखळून, "ती म्हनस… जाऊ दे, ते मी नई सांगस." सगळ्या हसत होत्या. भाजीची चव ताईंना घेता येत नव्हती. त्यांनी वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मी चाखून पाहिलं. कमी होतं.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. साडी बदलायची होती. कपाटातली हिरवी साडी मी काढली आणि त्यांना नेसवायला लागले. कंबर कुठे सुरू होते ते हाताला लागत नव्हतं. निऱ्या खोचताना त्या म्हणाल्या, "मास्तरीन, रिपोर्ट उना ना?"

मी निऱ्या पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतल्या.

"आज सांगू नको," त्या म्हणाल्या. "एवढ्या बट्ट्या शेतस, वाया जातीन."

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला वाढदिवस कसा काय सुचला?"

त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. दम घेऊन म्हणाल्या, "मयतले समदा येतस. पन कोन उनं, कोन रडनं, माले कसं दिसी? म्हनीसन म्हटं, आतेच बलाई लेऊ."

त्यांनी माझ्या हातातून पदर घेतला आणि स्वतःच डोक्यावरून ओढून घेतला.

केक खाटेसमोर स्टुलावर ठेवला. भाचीने एकच मेणबत्ती लावली. सगळे भोवती उभे राहिले. बाया, पुरुष, भाचीची छोटी मुलगी, सगळ्यांनी टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. गाणं संपलं. ताई मेणबत्तीकडे बघत बसून राहिल्या. भाची म्हणाली, "आई, फुंक ना."

"मी फुक नई मारस."

"आई, आजच्या दिवस तरी हट्ट नको गं."

ताईंनी तिला जवळ बोलावलं. त्या अगदी हळू बोलल्या, पण मी शेजारीच होते. "मन्हा अंगमा कसला कसला औषध शेतस. मन्ही फुक लागेल केक पोरेसले खावाडू का?"

भाची तशीच वाकून राहिली. दुसऱ्या कुणीही ती मेणबत्ती विझवायला हात पुढे केला नाही. लोकांना काही कळेना, म्हणून त्यांनी गाणं पुन्हा म्हटलं. मग कुणीतरी ते हिंदीत सुरू केलं, ते दोन ओळींतच थांबलं. मेणबत्ती जळत होती. आम्ही सगळे गोल उभे राहून तिच्याकडे बघत होतो. मेण क्रीमवर सांडायला लागलं. भाचीच्या मुलीने विचारलं, "मम्मी, आता काय करायचं?" माझा नवरा पाणी आणतो म्हणून गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. वात लवंडली, एकदा मोठी झाली आणि विझली. ताई म्हणाल्या, "आते कापा," आणि आजी सवयीने ओरडल्या, "ती म्हनस, आते कापा!"

मेण लागलेला भाग काढून टाकून भाचीने केक कापला. ताईंनी स्वतः काही खाल्लं नाही. जो जो पुढे आला, त्याला त्यांनी आपल्या हाताने घास भरवला आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. पंगत बसली, बट्ट्या तुपात बुडवून लोक पोटभर जेवले. एकही उरली नाही.

सकाळी भाचीने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. आता ताई काहीतरी बोलतील, डॉक्टरांची, औषधांची, नाहीतर आमची तरी सालं काढतील, याची आम्ही तिघंही वाट बघत होतो. त्या वेळी आम्हाला त्यांची एखादी शिवी हवी होती. त्यांनी आढ्याकडे बघत लहान पोरीसारखं विचारलं, "खूप दुखी का वं?"

भाचीला माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दुखलं. ते मी लिहिणार नाही. शाळेत रजा टाकून मी त्यांच्याजवळ राहायला गेले, भाचीही आली. दसऱ्याच्या आधीच्या त्या दिवसांत कापसाची बोंडं फुटायला लागली होती. खिडकीतून समोरचं रान पांढरं दिसायचं. ताई त्या बाजूला तोंड करून पडून असत. कधी जाग्या, कधी नाही.

अशाच एका दुपारी भाची पाणी भरत होती आणि मी खाटेशी बसले होते. ताईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला काही विचारून केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मास्तरीन, मी जरासी पडू का?"

त्या पडलेल्याच होत्या.

मी म्हटलं, "पडा, ताई."