खालच्या थरातली बाळी

पिंपळावरच्या भुताला मी एकदा तंबाखू मागून पाहिली होती. मिळाली नाही. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि माझा उजवा कान शाबूत असता तर आजही नसता.

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. सातासमुद्रांपलीकडे कुणीतरी लढत होतं आणि इथे वऱ्हाडात हातभर जमिनीसाठी भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठले होते. बाळापूरपासून दोन कोसांवर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा श्यामराव आणि त्याचा चुलतभाऊ उकंडराव यांची शेतं लागून. मधला धुऱ्याचा, म्हणजे हद्दीचा, दगड पुरात घळीत गेला... झालं. बहिणीचा निरोप आला, "दादा, तुमी या. नाईतर दोघांतला एक मरते."

आमच्याकडे धुऱ्याचा दगड पुरताना खाली कोळसा आणि खापऱ्या टाकतात. दगड सरकवता येतो. कोळसा कोण सरकवणार? तो कड्यात कुठे दिसतो ते पाहायला आम्ही भर दुपारी घळीत उतरलो – ते दोघे, मी, आणि विहिरी खोदून म्हातारा झालेला राघो बेलदार.

घळ चार पुरुष खोल. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, चुनखडीची, अंथरुणं घालावीत तशी आडवी. आणि त्याखाली एकदम तांबडा दगड, त्याचे थर सगळे तिरपे. उतरंड कलंडावी आणि तिच्यावर कुणी सतरंजी पसरावी, तसे.

"हे काहून असं?" मी विचारलं.

"मधले थर गेले, पाटील," राघो म्हणाला. "किती गेले, ते धरतीलेच मालूम. खालचा दगड लय जुना. त्याले मानसाचा हात नाई लागला."

तेवढ्यात उकंडराव वर बोट दाखवून म्हणाला, "तो पाहा कोळसा. धुरा तिथं."

"तुह्या चुलीतला असन. कालच खुपसला असन," श्यामराव म्हणाला.

"माह्या बापानं पुरला तो. बापाले चोर म्हन्तं?"

"बापाले नाई. तुले."

पुढचं बोलणं काठ्यांनी केलं. श्यामरावाची काठी उकंडरावाच्या कपाळावर बसली. कवठ फुटावं तसा आवाज झाला. मी मध्ये पडलो – हौस माझी. रक्तानं आंधळ्या झालेल्या उकंडरावानं हाताला लागलं ते धरलं. तो माझा कान होता. त्यानं ओढलं, आणि पाळी सोन्याच्या बाळीसकट गेली. माझी किंकाळी पुरी व्हायच्या आत त्यानं दुसऱ्या हातानं झुडपं तोडायला आणलेली कुऱ्हाड उचलून श्यामरावाच्या मानेच्या रोखानं घातली.

श्यामराव वाकला. पातं तांबड्या दगडावर बसलं. एक चीप सुटून माझ्या पायाशी पडली आणि पोथीसारखी उघडली.

आत बाळी होती. माझी. गुळाच्या भेलीत काडी रुतावी तशी दगडात रुतलेली. अकोल्याच्या सोनारानं वाकलेल्या कडीला दिलेला तांब्याचा डागसुद्धा जागच्या जागी.

"उडून पडली असन," श्यामराव पुटपुटला.

राघो छिन्नी घेऊन बसला. बाळी सुटी व्हायला चिलीमभर वेळ लागला. तोवर कुऱ्हाड उकंडरावाच्या हातातच होती आणि नजर श्यामरावाच्या मानेवर. राघोनं बाळी उन्हात धरली. झिजून दोऱ्याएवढी झालेली.

"उकंडराव," तो म्हणाला, "तुमची डावी मूठ उघडा."

त्यानं उघडली. आत माझी बाळी. तोच डाग, तीच वाकलेली कडी, आणि तिच्यात लोंबणारी माझी पाळी, अजून ऊन.

कुऱ्हाड खाली पडली. दोघे भाऊ एकमेकांचा हात धरून घळ चढले. मला, ज्याचं रक्त वाहत होतं, त्याला राघोनं ओढलं. भांडणातली ती जमिनीची पट्टी आजतागायत दोघांपैकी कुणीही पेरलेली नाही. बहीण सुखात आहे.

शास्त्रीबुवांना विचारलं, पुढे दगड तपासायला घळीत उतरलेल्या एका गोऱ्या साहेबालाही विचारलं. दोघांनी माझ्या कानाकडे पाहिलं आणि विषय बदलला. मलाही काही सांगता येत नाही. दोन्ही बाळ्या माझ्यापाशी आहेत. गंमत म्हणून कधी झिजलेली डाव्या कानात घालतो...

दुखतो मात्र उजवा.