घंटेचा दोर आणि चार दिवे

मेन्नोने चर्चच्या घंटेचा दोर कापला, तो निव्वळ हौसेपोटी. ओस पडलेल्या चर्चचं गावघर, म्हणजे गावकऱ्यांनी जमायची जागा, करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. बाकांची टेबलं झाली, प्रवचनाच्या ओट्याखाली स्वयंपाकघर आलं. हातांनी घासून घासून रेशमासारखा झालेला तो तागाचा दोर त्याला इतका आवडला, की त्याचे चार तुकडे करून त्याने कॉफीच्या टेबलाच्या वर चार दिवे टांगले. घंटा तर विजेवर तास वाजवते. मग दोर हवाय कुणाला?

हवा होता आफ्केबाईंना. त्यांना विचारायचं त्याला सुचलं नाही, एवढंच.

अडतीस वर्षं त्या या चर्चच्या राखणदार. शनिवारी शेगडी पेटवायची, रविवारी कोण कुठल्या बाकावर घोरतो ते ध्यानात ठेवायचं आणि प्रवचन लांबलं की खिशातलं पेपरमिंट हळूच पुढे सरकवायचं. चर्च बंद पडलं तरी पेपरमिंट चालूच होतं. मेन्नोने बसायला आणलेल्या नव्या गाद्या पाहून त्या म्हणाल्या होत्या, "कुत्र्यांची सोय छान केलीस." वर त्यालाही एक पेपरमिंट दिलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळीच मागच्या गल्लीतले बेरेंड वारले. गावात कुणी गेलं की घंटा हाताने वाजते. पुरुषाला तीनदा तीन टोले, बाईला तीनदा दोन. यंत्राला ते जमत नाही. ते काम आफ्केबाईंचं.

मेन्नो कप मांडत होता. काळा कोट घालून बाई आल्या, मनोऱ्याखाली उभ्या राहिल्या आणि सवयीने त्यांनी हात वर केला. तो रिकामाच राहिला. मग त्यांची नजर दिव्यांवर गेली. कोपऱ्यातली हातोडी उचलून, शहात्तर वर्षांचे गुडघे घेऊन त्या मनोऱ्याची शिडी चढू लागल्या. मेन्नो मागे धावला, तर वरूनच त्यांनी त्याला कप सांभाळायला सांगितलं.

टोले पडले ते हातोडीचे, बद्द, अडखळत. उद्घाटनाला आलेली माणसं केकच्या बश्या हातात धरून टोले मोजत उभी राहिली. आठ झाले आणि नववा काही येईना. मेन्नोला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. अखेर नववा पडला, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

बाई खाली आल्या. कोटभर कबुतरांची घाण. तोवर मेन्नोने दिवे उतरवले होते. दोराचे चार तुकडे हातात धरून तो शाळकरी पोरासारखा खाली मान घालून उभा होता.

"नवा दोर आणतो, आफ्केबाई," तो पुटपुटला. "कधीपर्यंत हवा?"

बाईंनी खिशातून पेपरमिंट काढलं. मेन्नोचा हात नकळत पुढे झाला. ते त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकलं.

"मी मरायच्या आत."