रस्ता असाच राहू द्या

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से मी कधी गोळा करत बसले नाही. रविवारी सकाळी यांच्या मागून पेडल मारत राहायचं, किस्से आपोआप अंगावर उडतात. कारण यांच्या एकाही सायकलला मडगार्ड नाही. मडगार्डने म्हणे लूक जातो!

मी अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. गुडघ्यासाठी सायकल चालवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून या ग्रुपात आले. गुडघा सुधारला, डोकं बिघडलं. हिच्या जिभेला हाड नाही, असं ग्रुपात सगळे म्हणतात, पण मला काढत कोणी नाही. पंक्चर झालं की ट्यूब मीच बदलून देते ना.

यांचं खूळ म्हणजे ग्रॅव्हल. ग्रॅव्हल म्हणजे डोंगरातला खडीचा, मुरमाचा, कच्चा रस्ता, जिथे गाड्या फिरकत नाहीत. असा रस्ता नशिबी आला की गावातले लोक आमदाराच्या नावाने बोटं मोडतात. आमचे लोक तोच रस्ता शोधत नकाशे धुंडाळतात, आणि सापडला की डोळ्यांत पाणी आणतात.

ग्रुपचे कॅप्टन पाटणकर. आठवडाभर शहरात गंगापूर रोडच्या बाजूला इमारती उभ्या करतात, जमिनीचा एक तुकडा उघडा ठेवत नाहीत, आणि रविवारी माती शोधायला बाहेर पडतात. पेठ तालुक्याच्या बाजूला त्यांना असा एक रस्ता सापडलाय. डांबरी सोडली की मुरूम, मोठाले धोंडे, मधे एक ओढा, आणि वर डोंगरात एक पाडा. पाड्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही पण तिथे उगवाल. कॅप्टन त्याला ‘माझा रस्ता’ म्हणतात. बायकोबद्दल इतक्या मायेने बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

*

तर या ट्रॅफिक नसलेल्या रस्त्यावर आम्ही जातो कसे? गाड्या काढून! प्रत्येकाची आपली गाडी, प्रत्येकीच्या टपावर सायकल. दुसऱ्याच्या टपावर आपली सायकल ठेवायची नाही, स्क्रॅच पडतो. डांबरी संपते तिथे हा सगळा लवाजमा आडवातिडवा उभा राहतो.

एकदा एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन आले. त्यांना जायला जागाच नाही. बिचारे गाड्यांच्या फटीतून एकेक शेळी पुढे काढत होते. कॅप्टन गॉगल वर करून मला म्हणाले, “बघा मॅडम, आता इथेही ट्रॅफिक सुरू झालं.”

*

आमचे डॉक्टर भामरे दातांचे डॉक्टर आहेत, मूळचे सटाण्याचे. त्यांना वजनाचं वेड. स्वतःच्या नव्हे, सायकलच्या! हलकी सीट, हलकी बाटली, बाटली अडकवायला त्याहून हलकी कडी. एका रविवारी त्यांनी घंटीसुद्धा काढून टाकली. चढाला तेवढंच ओझं कमी म्हणे. आणि त्याच सकाळी वाटेत मिसळ खाल्ली, वर पाव, पापड, दही, शेवटी जिलबी. रस्सा दोनदा मागून घेतला.

चढ गाडीत बसून झाला, ते जाऊ द्या. उतारावर समोर एक म्हैस आडवी उभी. घंटी नाही, म्हणून डॉक्टर लांबूनच “बाजूला, बाजूला” ओरडत आले. म्हशीने मान वळवून यांच्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवलं. डॉक्टर थेट करवंदीच्या जाळीत. म्हशीचा मालक धावत आला, आधी त्याने म्हशीला सगळीकडून हात लावून पाहिलं, मग जाळीत वाकून विचारलं, “ब्रेक नव्हता का हो?”

ब्रेकसुद्धा हलकाच बसवला होता.

*

यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप असतं. किती चालवली, किती चढ चढला, सगळं त्यात दिसतं आणि जगालाही दिसतं. ॲपवर नसेल तर ती राइड झालीच नाही, असा आमच्याकडे नियम. त्यामुळे राइड संपली तरी कॅप्टन उतरत नाहीत. आकडा गोल झाला पाहिजे, म्हणून स्वतःच्याच गाडीभोवती गरागरा फेऱ्या मारत बसतात.

त्यांच्या पत्नी वैशाली वहिनी दर रविवारी मागून गाडी चालवत येतात. कोणी दमलं, पडलं, रुसलं तर त्याला उचलायला. एकदा त्या अशाच दाराला टेकून चहा घेत होत्या आणि नवरा भोवताली फिरत होता. पाटी घेऊन चाललेली एक आजी थांबली, बराच वेळ पाहत राहिली, आणि हळूच तिने वहिनींना विचारलं, “नवस बोलले का?”

वहिनी म्हणाल्या, “हो आजी. मी बोलले होते, त्यांनी घरात बसू नये म्हणून.”

*

पुढचा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, संताप येतो. उन्हाळा होता. रस्ता कोरडा ठणठणीत, सायकलींवर नुसता धुरळा. कॅप्टनना फोटोसाठी चिखल हवा होता. ग्रॅव्हलचा फोटो आणि चाकाला चिखल नाही, लोक काय म्हणतील? मग त्यांनी गाडीतून पाण्याच्या सीलबंद बाटल्या काढल्या, मातीवर ओतल्या, चिखल कालवला, आणि चाकांना हाताने लिंपायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तर गालालाही एक बोट लावून घेतलं.

तेवढ्यात विहिरीकडून बायका हंडे घेऊन आल्या. पुढे सुमनताई, पाड्याच्या सरपंच. त्यांची आमची ओळख अशी झाली. डोक्यावर दोन हंडे, घाम गळत होता, आणि त्या उभ्या राहून एक मोठा माणूस पिण्याच्या पाण्याने चिखल खेळताना बघत होत्या.

“पाणी लय झालं का?” एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

कॅप्टन म्हणाले, “गावातली माणसं किती साधी असतात ना.”

*

आणि यंदा बातमी आली की पाड्याचा रस्ता मंजूर झाला. डांबरी!

कॅप्टनच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. ग्रुपवर रडके चेहरे, जोडलेले हात. मग ठरलं की ग्रामसभेत जायचं, अर्ज द्यायचा, रस्ता आहे तसाच राहू द्या म्हणायचं. अहो, त्यांचा रस्ता, त्यांचा पाडा, आणि अर्ज देणार गंगापूर रोड! मी विरोध केला. मला सांगण्यात आलं की माझ्यात पॅशन नाही. तरी मी गेले, हे बघायला मिळणार म्हणून.

निघालो ते गाड्यांतूनच, सायकली टपावर. या वेळी गाड्या थेट पाड्यापर्यंत न्यायच्या होत्या, सभेत घामाघूम कसं जाणार? ओढ्याच्या अलीकडे कॅप्टनच्या गाडीचं चेंबर एका धोंड्यावर आपटून फुटलं. सगळं ऑइल रस्त्यावर. सुमनताईंचे दीर ट्रॅक्टर घेऊन आले आणि दोरखंड बांधून गाडी वर ओढत नेली. सायकल टपावर, कॅप्टन स्टिअरिंगवर, मांडीवर अर्ज.

सभा शाळेच्या ओट्यावर होती. कॅप्टन त्या घट्ट चड्डीतच उभे राहिले. बायकांनी तोंडाला पदर लावला. निसर्ग झाला, शांतता झाली, परदेशी पाहुणे झाले. हा रस्ता म्हणजे तुमचं वैभव आहे, असंही म्हणून झालं. भिंतीला टेकून सुमनताईंची सून बसली होती, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. कॅप्टन तिच्याकडे बघूनसुद्धा “पुढच्या पिढीसाठी” म्हणाले.

सगळं झाल्यावर सुमनताई म्हणाल्या, “आमच्याकडं ॲम्ब्युलन्स खाली डांबरावर थांबती. बाईला कळा सुरू झाल्या का तिथवर ट्रॉलीत न्यावं लागतं, आडवं घालून. तुमचा रस्ता हाय ना? मग एकदा आडवं होऊन जाऊन बघा. खाली पोचल्यावर परत म्हणा, असाच राहू द्या. अर्जावर पहिली सही माझी.”

सगळ्यांचे मोबाईल वर निघालेले, रेकॉर्डिंग चालू. कॅप्टन मागे कसे हटणार? निघाले. ट्रॉलीत पेंढा पसरला होता, वर गोधडी. त्यांनी चढता चढता विचारलं, हेल्मेट घातलं तर चालेल ना?

“घाला की,” सुमनताई म्हणाल्या. “आमच्या बाया नाय घालत.”

ट्रॅक्टर निघाला. इतका हळू, की सुमनताई ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवून शेजारून पायी चालत होत्या. आम्ही मागून सायकली हातात धरून, कारण सायकलवर बसायची कोणाचीच छाती झाली नाही. आधी हेल्मेट फळीवर आपटल्याचे आवाज आले, मग कॅप्टनचे. वैशाली वहिनी माझ्या बाजूला चालत होत्या. कॅप्टन एकदा उठून बसले, तर सुमनताईंनी हातानेच खूण केली, आडवं.

पहिला उतार संपतो न संपतो तोच कॅप्टन कोपरावर उठले. चेहरा पांढरा पडला होता. “थांबवा,” म्हणाले. “मला उतरायचंय.”

सुमनताईंनी चाल कमी केली नाही.

“बाई पण असंच म्हणती,” त्या म्हणाल्या. “थांबून चालत नाय. आडवे व्हा.”

त्यांच्या दिराने मागे वळूनही पाहिलं नाही. ओढा अजून पुढेच होता.