तारेच्या जागी संदेश

एकतीस मे. प्रिंटरची शाई बदलायची होती. हात काळे असतानाच माझे मोठे दीर रोह्याहून एसटीने पेणला आले आणि माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात येऊन टेकले. त्यांच्याइतका कायद्यावर जीव लावलेला माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या घरच्या बाईने मला येऊन भेटावं. एकमेकींचं सांत्वन करू.

भावजी जन्मभर कोर्टात टंकलेखक होते. साहेब बोलायचे, वकील बोलायचे, हे बडवायचे. निवृत्त झाल्यावर समोर बोलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा ते स्वतःच कलमांत बोलू लागले. मीठ कमी पडलं तर 'सदर आमटी' अशी सुरुवात होते. कोलाडच्या हॉटेलात मिसळ उशिरा आली म्हणून त्यांनी वेटरला 'वाजवी मुदत' म्हणजे काय ते समजावलं. समजावून होईपर्यंत आलेली मिसळ गार झाली. त्यांच्या इमारतीच्या नियमात, तातडीची सभा तारेने बोलवावी, असं लिहिलेलं आहे. तार खातं बंद होऊन जमाना झाला. गच्चीवरच्या टाकीला गळती लागली, पाणी यांच्याच पलंगावर टपकत होतं, सभा बरोबर यांच्या डोक्यावर भरली होती, आणि हे खाली बादली धरून बसलेले.

"अवो, वर जा की," जाऊबाई म्हणाल्या.

"तार आल्येली नाय. मी जानार कसा?"

शेवटी सेक्रेटरीने जिन्यात उभं राहून सभेचा मजकूर ओरडून वाचला आणि प्रत्येक वाक्यानंतर तारेतल्यासारखं 'स्टॉप' म्हटलं. तेव्हा कुठे हे बादली ठेवून उठले.

अशा माणसाच्या कानावर आलं, की राज्याच्या कायद्यांमधले जुन्या यंत्रांचे शब्द काढून नवे घालायचे आहेत आणि लोकांनीही सूचना पाठवायच्या आहेत. मग काय विचारता. जेवणाच्या टेबलावर कायदे आणि जाऊबाई मांडीवर ताट घेऊन. सूचना पाठवायची मुदत उद्या दुपारपर्यंत होती.

"जन्मभर दुसऱ्याचे शब्द टाइप केले गो," भावजी म्हणाले. "कायद्यात आपला येक तरी शब्द जावा. येवढंच हाय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. लोक तारेच्या जागी फॅक्स लिहितात, फॅक्सच्या जागी ईमेल, आणि दर वेळी कायदा पुन्हा म्हातारा होतो. "यंत्राचं नाव घालायचंच नाय. यंत्र मरतं, काम मरत नाय. तारेनं जायचं काय? संदेश. मग संदेशच लिवा." इतक्या वर्षांत त्यांचं एखादं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं. मी जुनी कलमं टाइप करून दिली आणि म्हटलं, आता सगळीकडे तारेच्या जागी संदेश घालू, संगणक ते एकदम करतो. कसं करायचं तेही दाखवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मी झेरॉक्सकडे वळले.

"येका बटनात होतं ना? मग तू कशाला हात दुखवतेस," मागून आवाज आला.

गिऱ्हाईक गेल्यावर वळून बघते तो भावजींनी स्वतःच बटन दाबून पानं छापली होती, ती वाचत होते आणि चेहरा उतरलेला. संगणकाने सांगितलं ते इमानाने केलं होतं. जिथे जिथे 'तार' दिसली तिथे संदेश. तारखेची 'संदेशीख' झाली होती, सात-बाराचा 'उसंदेशा', जमीन 'संदेशण' ठेवलेली; आणि एका कलमात लिहिलं होतं, 'अर्जदार म्हासंदेशा असल्यास'.

मी हसता हसता टेबल धरलं. "भावजी, हा म्हासंदेशा कोण हो?"

"मीच असंन," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

कोर्टातली शिस्त. फाइल नीट जतन करून बंदसुद्धा केली होती, त्यामुळे उलटं फिरवायची सोय नव्हती. संदेशाची परत तार करावी, तर कलमांत मुळातच असलेल्या संदेशांचीही तार झाली असती. पानं भरपूर. एकेक शब्द हाताने दुरुस्त करावा लागणार.

"करून देते मी," मी म्हटलं.

"नको. पाठवूच नको. हसतील गो. म्हनतील, टायपिस्ट तो टायपिस्टच, त्यातपन चूक केलीन." छत्री उचलून ते स्टँडकडे निघाले. त्यांच्यासाठी मागवलेला चहा मी प्यायले. पाठमोरे भावजी पहिल्यांदाच कुठल्याही कलमाचे वाटत नव्हते, नुसतेच दमलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान लवकर उघडलं. शटर अर्धंच वर केलं, नाहीतर गिऱ्हाईक बसू देत नाही. तारखा जागेवर आणल्या, उतारे सरळ केले, तारण सोडवलं. शेवटच्या पानावर आले तर खालच्या कोपऱ्यात, जन्माच्या सवयीने, त्यांनी 'टंकलेखक' लिहून पुढे आपलं नाव घातलं होतं. तो एक शब्द मी त्यांना न विचारता बदलला. 'सूचना करणार' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.