जिथून फोन आला न्हाय

आमच्याकडं फौजी सुट्टीला आला की लोक पहिला सवाल करतात, "गोळी किती चालवली?" वैजनाथ हवालदार छाती काढून सांगायचा, "गोळ्या दुसऱ्यांनी चालवल्या. कुठं चालवायच्या ते म्या सांगितलं." लोक हसायचे. त्याला फरक पडायचा न्हाय. मिशी आणि घमेंड दोन्ही त्यानं पेन्शनीसोबत परंड्याला आणल्या होत्या.

बटालियनच्या इंटेलिजन्स सेक्शनमध्ये त्याची उमर गेली. चहाच्या टपरीवर त्याचा एकच धडा. "तुकडीच्या पुढं चालणाऱ्या नायकाला वळणापलीकडं काय हाय तेवढं सांगायचं. कर्नलला सांगायचं, दुश्मन कुठल्या घाटानं येईल. जनरलला, यंदा तो येणार का न्हाय. बातमी एकच, पन ज्याला जो निर्णय घ्यायचाय त्याला तेवढीच. सगळ्यांना सगळं सांगितलं की कुणालाच काही कळत न्हाय." आमच्या मोर्च्यांत मी हे वापरलंय: तलाठ्याला वेगळं बोलायचं, मंत्र्याला वेगळं.

त्या नवरात्रात सीना नदी फुटल्यागत आली. सोनारीच्या देवळाजवळ मदत केंद्र उघडलं, मी आणि वैजनाथ तिथं मदतीला होतो. आमच्या बाजूला बचावाची बोट एकच, आणि तहसीलदार शिवप्रिया मॅडमचा फोन थांबेना. गावातले दहा पुढारी दहा व्हिडिओ पाठवत होते: छतावर अडकलेली माणसं, "वाचवा, हेलिकॉप्टर धाडा."

वैजनाथनं व्हिडिओ बघितले आणि खवळलाच. "मॅडम, ही दहा घरं न्हाईत. एकच घर हाय. निळी टाकी बघा, मोडकी डिश बघा. प्रत्येकानं श्रेयासाठी आपापल्या नावानं पुढं ढकललंय. पक्का स्लॅब हाय, वर दुसरा मजला. ते उद्यापर्यंत बसतील."

"मग जायचं कुठं?" मॅडमनं विचारलं.

"जिथून फोन आला न्हाय तिथं. नदीकाठच्या धनगरवस्तीचा एकबी फोन लागंना." मग म्हणाला, "आधी हे ऐका. माझी बहीण, दैवशाला, तिथं दिलीय. हे धरून माझी बातमी तोला."

राजशेखर पुढारी टपूनच होता. "बगा! बहिणीसाठी सरकारी बोट मागतोय! आवो, वस्तीवाले कवाच निघाले. त्यांची मेंढरं वरच्या माळाला दिसल्याली आमच्या पोरांनी."

माझं डोकं सटकलं. मी त्याच्या कॉलरला हात घालणार तोच वैजनाथनं मला गाडीवर बसवलं. "भांडायला आयुष्य पडलंय. चल, बघून येऊ."

माळावरून त्यानं दुर्बीण लावली. मेंढरं होती खरी. राखायला मात्र फक्त कुत्रं.

"धनगर मेंढरं एकटी सोडतो व्हय?" तो म्हणाला. "बब्रुवान दाजी मेंढरं वर घालून आईला आणायला परत गेले. त्यांची आई, हरणाबाई मावशी, उठली नसंल. घट बसलेत ना. देवी बसलेली असताना घर सोडायचं न्हाय, दिवा विझू द्यायचा न्हाय. ती हलत न्हाय म्हणून दैवशाला हलली नसंल, आन् तेवढ्यात पाणी भवती फिरलं." दुर्बीण खाली फिरवली. पत्र्याच्या छपराजवळ उंचवट्यावर कुणीतरी लुगडं हलवत होतं. त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. "हाईत."

त्यानं तिथूनच फोन लावले. मॅडमला: "सोनारीचा रस्ता चालू हाय, खालच्या पुलावर पाणी. बोट ट्रकवर घालून माळाच्या बाजूनं आणा. माणसं डोळ्यानं बघितली." मॅडमनं त्याला जिल्हाधिकाऱ्यांशी जोडून दिलं. "साहेब, वस्तीचा उंचवटा अंधार पडायच्या आत पाण्याखाली जाईल असं मला वाटतं. वरच्या धरणातनं आणखी पाणी सोडलंय, ही मात्र ऐकीव बातमी. ताडून बघा. गावातली माणसं रात्र काढतील. पुढचं तुम्ही ठरवा."

साहेबांनी पाणी सोडल्याचं ताडून घेतलं, खरं निघालं. जिल्ह्याला मिळालेलं हेलिकॉप्टर त्यांनी भूम तालुक्यात अडकलेल्यांकडं धाडलं आणि आमची बोट वस्तीकडं.

बोटीच्या नायकाला वैजनाथनं वेगळंच सांगितलं. "पश्चिमेनं जाऊ नका, पाण्याखाली तारेचं कुंपण हाय. आन् टोपली, कंदील घ्या. म्हातारी तुमचं ऐकणार न्हाय, देवीचं ऐकंल."

मी बोटीत होतो. पाणी छपराच्या ओट्याला लागलं होतं. हरणाबाई घटासमोर मांडी घालून. "मी हलणार न्हाय. पोरांनो, तुमी जावा."

दैवशाला रडून थकली होती. नायकानं टोपली पुढं केली. "आजी, देवीला पुढची जागा ठेवलीय. दिवा कंदिलात घेऊ, विझायचा न्हाय."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग आदी तिला बशीव. नीट धर, घट मातीचा हाय!"

घट चढला, मागनं म्हातारी, दैवशाला, शेवटी बब्रुवान. आम्ही अर्ध्यात होतो तेव्हा मागं छप्पर कलंडलं.

काठावर लोकांनी असा आरडाओरडा केला की मेंढरं बुजली. राजशेखर मोबाईल काढून फोटोत घुसायला लागला, मी त्याला मोकळ्या जागेत नेऊन उभा केला. दैवशाला भावाच्या गळ्यात पडली.

हरणाबाईनं कंदील वैजनाथच्या हातात दिला. "बातमी कुणी दिली रं आमची?"

"तुमच्या मेंढरांनी, मावशी."

"मग त्यांना आदी चारा घाल," म्हातारी म्हणाली, आणि टोपली कवेत घेऊन देवळाकडं ताठ चालू लागली.