अर्धी वाफ

माझी आत्या खडूस होती, आणि तिच्यावर जीव असूनही मी हे सांगते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिने बावीस वर्षं चादरींना इस्त्री केली. खिडकीपाशी दोन टेबलं, दोन्हींना वाफ एकाच नळीतून. एकीने वाफेची चावी पूर्ण उघडली की दुसरीची इस्त्री थंड. त्या वाफेत बायका अर्ध्यामुर्ध्याच दिसत, तरंगत असल्यासारख्या. लहानपणी मला वाटे, आत्या ढगांच्या घड्या घालते.

समोरच्या टेबलावर साखरबाई आली. नाव आम्हीच ठेवलेलं, इतकी ती गोड. पण नवी आणि घाबरट. पहिल्याच आठवड्यात तिने चावी पूर्ण उघडली. आत्या भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपलीही पूर्ण उघडली. दोघींच्या चादरी चुरगळलेल्याच राहिल्या, दोघींनी बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी आत्याने आपली चावी अर्ध्यावर आणली आणि समोर नुसतं पाहिलं. साखरबाईनेही आणली. पुढची चार वर्षं तसंच चाललं.

"किती चांगली आहेस गं तू," मी आत्याला म्हणायचे.

"चांगली कसली डोंबलाची! तिच्याशी रोजची गाठ आहे, एवढं कळतं मला."

मग एका सकाळी सुपरवायझरने सांगितलं, उद्यापासून खिडकीपाशी एकच टेबल. आज जिच्या चादरी जास्त, ती राहील. दुसरी खाली, धुण्याच्या कोंदट खोलीत. आत्याला दमा होता. त्या खोलीत ती महिनाभरही टिकली नसती.

आत्याने डोकं चालवलं. रोजची गाठ आज सुटणार. साखरबाई घाबरट, ती चावी उघडणारच. मग आपण का मागे राहायचं? तिने चावी पूर्ण फिरवली. वाफ अंगावर आली, समोरचं काही दिसेना. स्वप्नात असल्यासारखी ती संध्याकाळपर्यंत हात फिरवत राहिली. वाफ विरली तेव्हा साखरबाईची चावी अर्ध्यावरच होती, आणि ढीग आत्याच्या निम्मा.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आत्या तोंड लपवून कोपऱ्यात बसली. साखरबाई खालून आली आणि ओले हात पुसत शेजारी टेकली.

"बरं झालं ताई, तुम्ही वर राहिलात. मी काल मुद्दामच चावीला हात लावला नाही. खाली तुमचा जीव गुदमरला असता."

"माझी अक्कल शेण खायला गेली होती गं," आत्या त्या संध्याकाळी मला म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडली.